काजळीवरची रेघ



परदेशात काय पाहिले ते सांगा, अशी चिटणीसबाईंची आज्ञा झाली. राजवाडे मीही पाहिले; पण मनात घर केले ते जर्मनीतल्या गॉटिंगेन गावाजवळच्या हाइनबर्ग टेकडीवरच्या भूकंपशाळेने. माझी भाची तिथल्या विद्यापीठात भूभौतिकी, म्हणजे पृथ्वीच्या पोटाचे शास्त्र, शिकते. एका रविवारी तिनेच मला टेकडीवर नेले.

या शास्त्राची प्राध्यापकी जगात प्रथम याच विद्यापीठाने १८९८ साली निर्माण केली आणि ती एमिल वीखर्ट यांना दिली. त्यांनी बांधलेला १७ टनांचा लोलक आजही तिथे आहे. जमीन हलते, पण हा जड गडी जागचा हलत नाही; दोघांतला फरक सुई उमटवते. कशावर म्हणाल, तर काजळी धरलेल्या कागदावर! आपण निरांजनावर ताटली धरतो ना, अगदी तसेच. सुईची रेघ उमटली की कागद पातळ लाखेतून काढून वाळवायचा, नाहीतर बोट लागताच सगळे पुसायचे. १९०६ साली सॅनफ्रान्सिस्को हादरले तेव्हाचीही रेघ इथल्या यंत्रांनी ओढून ठेवली आहे.

अंगणात ४ टनांचा पोलादी गोळा आहे. १९०८ साली मिंट्रोप नावाच्या विद्यार्थ्याने तो १४ मीटरांवरून टाकून लुटुपुटीचे भूकंप केले. आमच्यासमोर तो पडला आणि मला ११ डिसेंबर १९६७ ची पहाट आठवली. कोयनेच्या त्या धक्क्यात आईने आम्हा भावंडांना अंथरुणातून अंगणात ओढले होते; आत मांडणीवरची भांडी खणखणत होती. आजी म्हणाली, शेषाने कूस बदलली.

वीखर्टांच्या हाताखाली कार्ल त्सोप्रित्स नावाचा तरुण होता. भूकंपाची लाट दोन थरांच्या सीमेवर पोचली की किती परतते, किती पार जाते, याचे गणित त्याने मांडले आणि १९०८ साली, २६व्या वर्षी, तो गेला. ते गणित छापून आले १९१९ साली. खनिज तेल शोधणारे आज तेच वापरतात. दुसरा विद्यार्थी बेनो गूटेनबर्ग. पृथ्वीचा गाभा २९०० किलोमीटर खाली सुरू होतो, हे त्याने पहिल्या महायुद्धाच्या सुमारास दाखवले. पुढे पोटासाठी त्याला घरचा साबणाचा कारखाना सांभाळावा लागला!

"मावशी, मलाही बहुधा साबणच करावा लागणार," भाची हसून म्हणाली. तिचे काम आता सारे संगणकावर चालते. संस्था २००५ साली नव्या इमारतीत गेली. टेकडीवरची जुनी यंत्रे हौशी मंडळी चालू ठेवतात.

खरे सांगायचे तर बहिणीने मला निरोप देऊन धाडले होते: भूकंपाचे खूळ पुरे, परत ये, इथे बँकेत चिकट. तो निरोप मी सांगितला नाही. बहीण दुसऱ्या रांगेत बसली आहे. आता तिला कळलेच.