अंगावरचा अलंकार आणि मनातला धम्म
(क्लोनडॉकिन येथील कौटुंबिक मेळाव्यात केलेले भाषण)



धम्मयात्रेहून परतलेल्या आपल्या भगिनींनी स्वहस्ते घडविलेले अलंकार आज येथे मांडले आहेत. बुद्धगयेच्या पिंपळपानाचे पदक, सारनाथच्या चोवीस आऱ्यांच्या चक्राची कर्णफुले, दीक्षाभूमीच्या स्तूपाचे लॉकेट. तारेचे वळण कोठे कमीअधिक असेल, परंतु त्यामागील श्रद्धा अस्सल आहे. त्यांचे मनःपूर्वक अभिनंदन करून मी दोन शब्द बोलणार आहे.

आपल्या समाजात दागिना हा केवळ हौसेचा विषय कधीच नव्हता. २५ डिसेंबर १९२७ रोजी महाड येथे मनुस्मृतीचे दहन झाले. त्याच परिषदेच्या वेळी बाबासाहेबांनी स्त्रियांना स्वतंत्र उपदेश केला. गळ्यातल्या गळसऱ्या आणि कोपरापर्यंतच्या कथलाच्या वा चांदीच्या पाटल्या या अस्पृश्यतेच्या खुणा आहेत, त्या टाकून द्या. दागिना घालायचाच तर सोन्याचा घाला, अन्यथा घालू नका, असे त्यांनी बजावले. आपल्या आज्या-पणज्यांनी तो उपदेश मानला. ज्यांनी जातीची खूण अंगावरून उतरविली, त्यांच्याच नाती आज समतेची खूण स्वेच्छेने धारण करीत आहेत. या चिमुकल्या पदकाचे खरे मोल हेच आहे.

मात्र पवित्र स्थळाच्या नावाचा बाजार कसा होतो, हे आपल्या या नव्या देशातही दिसते. डब्लिनच्या राष्ट्रीय संग्रहालयातील प्रसिद्ध ‘टारा ब्रूच’ १८५० साली मीथ परगण्यात बेटिसटाउनजवळ समुद्रकिनारी सापडला. आयर्लंडच्या प्राचीन राजांच्या टारा टेकडीशी त्याचा काहीही संबंध नव्हता. ते नाव डब्लिनच्या एका जवाहिऱ्याने दिले आणि त्याच्या प्रतिकृतींची विक्री केली.

याहून बोलके उदाहरण पिप्रहवाचे. उत्तर प्रदेशातील या स्तूपात १८९८ साली बुद्धाच्या अस्थिधातूंसोबत रत्ने व सुवर्णपत्रे मिळाली. श्रद्धावंतांनी ती अंगावर मिरविण्यासाठी नव्हे, तर दान म्हणून अर्पण केली होती. त्यांतील एका खाजगी संग्रहातील रत्नांचा लिलाव मे २०२५ मध्ये हाँगकाँगला होणार होता. भारत सरकारने आक्षेप घेतला, लिलाव थांबला आणि जुलै २०२५ मध्ये ती रत्ने भारतात परतली. श्रद्धेच्या वस्तूला केवळ किंमत लावली, की तिचा अर्थ हरवतो.

भगिनींनो, म्हणून माझी नम्र विनंती आहे. हे पदक ताईत होऊ देऊ नका. ते परीक्षेत गुण देणार नाही, आजार बरा करणार नाही आणि दृष्टही काढणार नाही. बाबासाहेबांनी दिलेल्या धम्मात प्रयत्न आणि शील यांनाच स्थान आहे. ज्याला ते घालावयाचे नसेल, त्याचा धम्म कमी ठरत नाही.

पण मुलांना त्यामागची कहाणी अवश्य सांगा. येथील शाळेत एखाद्या आयरिश मैत्रिणीने “गळ्यात हे काय?” असे विचारले, तर आपल्या मुलीने खाली मान घालू नये. चक्र कोठले, पिंपळ कोठला, १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरात काय घडले, हे तिला ताठ मानेने सांगता आले पाहिजे. तार वळविताना आईने ही कहाणी सांगितली, तरच हा अलंकार पुढच्या पिढीपर्यंत अर्थासह पोहोचेल.

जयभीम! नमो बुद्धाय!