ट्रॅक्टर सुरू होत नाही तेव्हा

(खटकचिंचोळी परिसरातील ग्रामस्थांपुढे दिलेल्या भाषणाचा मजकूर)



मृगाचा पाऊस पडून जमिनीला वाफसा आला की या भागात सोयाबीन, तूर, उडीद आणि मूग यांच्या पेरणीची एकच घाई उडते. वाफसा कोणासाठी थांबत नाही. नेमक्या अशा सकाळी चावी फिरवावी आणि ट्रॅक्टरने दाद देऊ नये, हा अनुभव आपणांपैकी अनेकांना असेल. एका ट्रॅक्टरवर आज चार-पाच घरांची पेरणी अवलंबून असते. भालकीहून मिस्त्री येईपर्यंत दिवस मावळतो आणि पुष्कळदा दोष निघतो तो एका सैल तारेचा!

पूर्वीची ऑइल इंजिने हँडल मारून सुरू करीत असत. किर्लोस्कर ऑइल इंजिन्स हा कारखाना पुण्यात १९४६ साली निघाला. त्यानंतर अशी इंजिने खेडोपाडी पोहोचली आणि हँडल मारणाऱ्याच्या हातालाच इंजिनाची नाडी कळू लागली. आता ते काम चावी करते. म्हणून हाताऐवजी कानाने व डोळ्याने नाडी पाहावयास शिकले पाहिजे. चावी फिरविल्यावर यंत्र तीनपैकी एक उत्तर देते. ते गप्प राहते. किंवा नुसता ‘टक्’ असा आवाज करते. किंवा इंजिन फिरते पण पेट घेत नाही. तपासणीची दिशा या उत्तरावरून ठरवावी.

यंत्र गप्प असेल तर

मोठ्या क्रीडांगणांवर बसून चालवावयाचे गवत कापण्याचे यंत्र असते. चालक आसनावर नसेल, ब्रेक दाबलेला नसेल किंवा पाते चालू स्थितीत राहिले असेल, तर ते सुरूच होत नाही. तो बिघाड नव्हे. ती चालकाच्या जिवासाठी केलेली योजना होय. बऱ्याच नव्या ट्रॅक्टरांतही अशीच व्यवस्था असते. क्लच पूर्ण दाबल्याशिवाय किंवा गिअर न्यूट्रलमध्ये असल्याशिवाय सेल्फला वीज मिळत नाही. म्हणून प्रथम गिअर व पी.टी.ओ.चे दांडे पाहावेत, क्लच तळापर्यंत दाबावा आणि मग पुन्हा चावी फिरवावी.

तरीही यंत्र गप्प राहिल्यास पुढचे दिवे लावून पाहावेत. दिवे लागतच नसतील, तर बॅटरी, तिच्या तारा आणि फ्यूज तपासावेत. दिवे प्रखर असूनही सेल्फ हलत नसेल, तर दोष बहुधा चावी, क्लचखालचा स्विच किंवा त्यांच्या तारा यांत असतो. उन्हाळाभर उभ्या राहिलेल्या ट्रॅक्टरच्या तारा उंदीर कुरतडतात, हेही ध्यानात ठेवावे.

नुसता ‘टक्’ आवाज येत असेल तर

चावी फिरविताच दिवे एकदम मंद होत असतील, तर बॅटरी उतरलेली आहे किंवा तिचे जोड खराब आहेत असे समजावे. बारा व्होल्टची बॅटरी पूर्ण भरलेली असता सुमारे १२.६ व्होल्ट दाखविते. १२ व्होल्टच्या आसपास आली म्हणजे ती जवळजवळ रिकामी झालेली असते. नवी बॅटरी आणण्यापूर्वी मात्र टर्मिनलांवर साचलेला पांढरा-हिरवा थर पाहावा. तो खाण्याचा सोडा घातलेल्या कोमट पाण्याने धुवावा. सोडा बॅटरीच्या आत जाऊ देऊ नये. मग टर्मिनल कोरडे करून घट्ट आवळावे व वरून व्हॅसलीन लावावे. तारा सोडविताना ट्रॅक्टरच्या अंगाला जोडलेली, म्हणजे बहुधा ऋण बाजूची, तार प्रथम सोडवावी व जोडताना ती शेवटी जोडावी. नाही तर पान्याचा अंगाला स्पर्श होऊन ठिणगी पडते. बॅटरीतून ज्वालाग्राही वायू निघतो. तेथे विडी-काडी नको. बॅटरी व जोड चांगले असूनही ‘टक्’ एवढेच होत असेल, तर सेल्फ उतरवून मिस्त्रीकडे न्यावा.

इंजिन फिरते पण पेट घेत नाही तर

डिझेल इंजिनात ठिणगी नसते. हवा दाबून तापविली जाते आणि त्या उष्णतेने डिझेल पेटते. म्हणून येथे डिझेल आणि हवा यांचाच विचार करावयाचा. इंजिन बंद करण्यासाठी ओढलेला दांडा तसाच राहिला आहे काय, हे प्रथम पाहावे. मग टाकीतील डिझेल, टाकीचा कॉक, फिल्टरच्या तळाशी साचलेले पाणी आणि एअर क्लीनर हे क्रमाने तपासावे.

धुराची खूणही उपयोगी पडते. इंजिन फिरताना नळीतून मुळीच धूर येत नसेल, तर डिझेल पोहोचत नाही. पांढरा धूर येत असेल, तर डिझेल पोहोचते पण पेटत नाही. येळवशीच्या सुमारास थंड पहाटे असे घडू शकते.

टाकी कोरडी पडली असेल किंवा फिल्टर बदलला असेल, तर नळ्यांत हवा शिरते. फिल्टरवरील हवा काढण्याचा स्क्रू सैल करून हातपंप मारावा. बुडबुडे थांबून अखंड डिझेल आले की स्क्रू आवळावा. इंजेक्टरच्या नळीशी मात्र हात नेऊ नये. तेथील फवारा कातडी भेदून आत शिरतो. सेल्फ एका वेळी दहा-पंधरा सेकंदांहून अधिक फिरवू नये. मध्ये अर्धा-एक मिनिट विसावा द्यावा.

जे कदापि करू नये

घाईच्या दिवसांत काही जण चाकाजवळ जमिनीवर उभे राहून सेल्फची दोन टोके पान्याने जोडतात. या प्रकारास ‘डायरेक्ट करणे’ म्हणतात. यात गिअरचा व क्लचचा सारा बंदोबस्त बाजूला पडतो. ट्रॅक्टर गिअरमध्ये असेल तर तो पेट घेताच पुढे सरकतो, आणि मागचे अवजड चाक तेथे उभ्या असलेल्या माणसाच्या अंगावरून जाते. बाजूला होण्यास क्षणाचाही अवधी मिळत नाही. पेरणी दोन दिवस लांबली तर पीक थोडे उतरेल. घरचा कर्ता माणूस गेला तर ते नुकसान कोणता हंगाम भरून देणार? क्लचचा स्विच बिघडल्यास तो बदलावा. तारा परस्पर जोडून त्याला वगळू नये. एअर क्लीनरपुढे पेटता बोळा धरणेही तितकेच घातक आहे.

दोन विनंत्या

कर्नाटकात २०१४-१५ पासून ‘कृषी यंत्रधारे’ योजनेखाली भाड्याने यंत्रे देणारी केंद्रे सुरू झाली. यंत्र हाती देताना त्याचे सुरक्षा-स्विच कोठे आहेत, हे चालकास प्रत्यक्ष दाखवावे, अशी अधिकारी बंधूंना माझी विनंती आहे. शिक्षकांनी वरच्या वर्गातील मुलांकडून तपासणीचा हा क्रम मराठीत व कन्नडमध्ये मोठ्या अक्षरांत लिहून घ्यावा. तो कागद प्रत्येक ट्रॅक्टरच्या गोठ्यात लागावा. पहिली ओळ अशी असावी: ‘आसनावर बसूनच चावी फिरवा.’

मृगाची वाट न पाहता वैशाखातच एकदा ट्रॅक्टर सुरू करून पाहावा, एवढे सांगून मी आपली रजा घेतो.