बॉल घेऊन पळणारे
मी कुरुंदवाडचा, पण फुटबॉलचं वेड लागलं ते कोल्हापूरच्या शाहू स्टेडियमवर. पाटाकडील, खंडोबा, दिलबहार... मॅच असली की आम्ही चौघं एसटीनं निघायचोच.

परवा घाटावर बसून जुने विंगर आठवत होतो, लाईनीवरनं बॉल घेऊन सुसाट पळणारे. गोल सगळ्यांना आठवले, गुडघे कुणालाच नाहीत. त्यातला एकजण मला नंतर भेटला होता. जिना चढताना कठडा धरत होता. मी मात्र त्याच्या गोलाबद्दलच बोलत राहिलो.

२०१७ च्या सतरा वर्षांखालील वर्ल्ड कपमध्ये आपला अनिकेत जाधव पळताना बघितला, तेव्हा तोच डोळ्यांपुढं आला. तुमचाही असा कुणी असेल, तर आज फोन करा. गोलाचं राहू दे, आधी गुडघ्याचं विचारा.