नांवाचा दिवा

सह्याद्रीच्या कुशींत, मुरबाड तालुक्यांत, सिद्धगड उभा आहे. २ जानेवारी १९४३ रोजीं त्याच्या परिसरांतील रानांत भाई कोतवाल आणि हिराजी पाटील यांस पोलिसांच्या गोळ्यांनीं वीरमरण आलें. त्यापूर्वीं, १९४२ च्या उत्तरार्धांत, त्यांच्या आझाद दस्त्यानें मुंबईकडे वीज वाहून नेणारे लोखंडी मनोरे पाडण्याचा सपाटा लावला होता. गिरण्या व आगगाड्या यांची वीज तुटावी व सरकारचें युद्धकार्य अडावें, हा त्यांतील हेतु.

त्या पराक्रमाचें वर्णन पुष्कळदां झालें आहे; येथें त्यांतील एक साधी गोष्ट घ्यावयाची आहे. वीज तुटली म्हणून कोणतेंही बटण आपोआप वर उचललें जात नाहीं. बटण ‘चालू’कडे झुकलेलेंच राहतें आणि यंत्र मात्र थांबलेलें असतें! बटण ही केवळ आज्ञा होय. ती पाळली गेली कीं नाहीं, हें बटणाला कळत नाहीं. ज्या जिन्याच्या दिव्याला खालीं एक व वर एक अशीं दोन बटणें असतात, तेथें तर बटणाकडे पाहून कांहींच समजत नाहीं. मान वर करून दिवाच पाहावा लागतो.

आजच्या घरांत पाहणारा पुष्कळदां घरांतच नसतो. ‘होम असिस्टंट’ ही २०१३ सालीं सुरू झालेली संगणकीय व्यवस्था घरांतील दिवे-पंखे मोबाईलच्या पडद्यावर आणते. तींत गृहस्थाला स्वतःचा एक आभासी दिवा निर्माण करतां येतो. त्याला ना कांच, ना तार; असतें तें नुसतें नांव. ‘लाव’ म्हटल्यावर काय करावें, ‘विझव’ म्हटल्यावर काय करावें, तेज किती ठेवावें आणि दिवा लागला आहे हें कशावरून ओळखावें, एवढें त्या नांवाखालीं लिहून ठेवावयाचें.

यांतील तेजाचा प्रश्न त्रैराशिकाचा आहे. ही व्यवस्था तेज ० ते २५५ या मापानें मोजते, तर पुष्कळ साधनें ० ते १०० टक्केच ओळखतात. म्हणून १२८ आले कीं ५० पाठवावे. चौथीच्या मुलालाही हें जमेल.

खरी मेख शेवटच्या प्रश्नांत आहे, आणि लोक नेमका तोच कोरा सोडतात. तो कोरा राहिला, कीं व्यवस्था आपली आज्ञा पाळली गेलीच असें मानून चालते. छताच्या कांहीं दिव्यांच्या रिमोटला एकच कळ असते. तीच लावते, तीच विझवते. असा दिवा आभासी दिव्याला जोडला आणि एके दिवशीं कोणी मधें उभें राहिल्यानें संकेत पोंचला नाहीं, कीं पडद्यावर ‘चालू’ आणि खोलींत अंधार. पुढची प्रत्येक आज्ञाही उलटीच पडते. ‘विझव’ म्हणावें तर दिवा लागतो!

यावर उपाय आहे. बटणपेटीच्या मागें वीज मोजणारा लहान रिले बसवावा आणि दिवा कांहीं वॅट वीज घेत असेल तरच तो लागला असें लिहावें. ही सीमा शून्यावर ठेवूं नये, कारण रिमोटची वाट पाहत बसलेला दिवाही थोडी वीज खातोच.

समजा, मुरबाडच्या घरीं वृद्ध आई एकटी आहे आणि मुलगा डोंबिवलीस. संध्याकाळीं तो मोबाईलवरून आईच्या जिन्याचा दिवा लावतो व निर्धास्त होतो. पावसाळ्यांत तारेवर झाड पडलें, इन्व्हर्टरवर घरचा संगणक व इंटरनेट चालू राहिलें, पण जिन्याची वीज गेली; अशा वेळीं आभासी दिव्यानें काय सांगावें? ‘चालू’ म्हणणें हें खोटें. ‘बंद’ म्हणणें हाही तर्कच, कारण मोजणारा रिलेच मुका झालेला असतो. या व्यवस्थेंत त्यासाठीं ‘अनुपलब्ध’ अशी तिसरी अवस्था ठेवलेली आहे. रिलेकडून उत्तर येत नसेल तर आभासी दिव्यानेंही तीच दाखवावी, असें दोन ओळींत सांगतां येतें. मग पडद्यावरचें चिन्ह फिकें पडलेलें पाहून मुलगा शेजाऱ्यांस फोन करतो, आणि शेजारी विजेरी घेऊन जिना चढतात.