कोर्टाची पायरी

(संस्थेच्या सुवर्णमहोत्सवानिमित्त झालेले व्याख्यान. वक्ते संस्थेचे जुने सभासद असून त्यांनी इंदूरच्या जिल्हा न्यायालयात अनेक वर्षे वकिली केली आहे.)



शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये, असे आपण लहानपणापासून ऐकत आलो आहो. ज्याने चाळीस वर्षे त्याच पायरीवर पोट भरले, त्याला आपण आज व्याख्यानास बोलावले आहे. तेव्हा माझ्या शहाणपणाविषयी आपले मत काय, हे मी विचारीत नाही.

ही म्हण खोटी नाही, पण ती अर्धी आहे. दावा लावायला निघालेल्या माणसाने ती अवश्य आठवावी. परंतु ज्याच्या दारी समन्स आले, त्याने ती आठवून घरी बसावे, तर घरच हातचे जाते. हे मी पुस्तकातून सांगत नाही, पाहिलेले सांगतो.

काही वर्षांपूर्वीची गोष्ट. नावे सांगत नाही. दोन भाऊ एकाच वाड्यात राहात होते. पुढचा भाग थोरल्याकडे, मागचा धाकट्याकडे. धाकटे वारले. दुःखाचे दिवस सरतात न सरतात तोच थोरल्या घरून दावा दाखल झाला, की सबंध वाडा आमचाच, भावाला केवळ राहावयास दिले होते. समन्स घेऊन न्यायालयाचा माणूस आला, तेव्हा दारात वहिनींचा माहेरचा भाचा उभा होता. "घरात दुःख आहे, कोर्टाचे कागद आम्ही घेत नाही," असे सांगून त्याने त्याला वाटेस लावले. त्या माणसाने कायद्याप्रमाणे एक प्रत दारावर चिकटविली. ती पावसात गेली. वहिनी आत माजघरात होत्या. त्यांना यातले काहीच कळले नाही.

मित्रहो, समन्स नाकारल्याने ते परत जात नाही. जाणूनबुजून नाकारलेले समन्स बजावले गेले असेच कायदा धरतो. नेमल्या तारखेस कोणी हजर झाले नाही, म्हणून दावा एकतर्फा चालला आणि वर्ष-सव्वा वर्षाने हुकूमनामा झाला. पुढे एके सकाळी ताबा घेण्यास माणसे दारात उभी राहिली, तेव्हा आपल्यावर दावा झाला होता हे त्या माउलीस प्रथम कळले.

आपण म्हणाल, न्यायाधीश निष्ठुर होते काय? मुळीच नव्हते. त्यांच्यासमोर एका बाजूचे कागद होते, दुसऱ्या बाजूची रिकामी जागा होती. न्यायालय समोर आलेल्या पुराव्यावर निकाल देते. आपल्या ट्रंकेत पडून राहिलेले सत्य त्याला दिसत नाही. आज मला आपल्याला सांगावयाचे आहे ते एवढेच.

आता हे न्यायालय चालते कसे ते थोडक्यात पाहू. जिल्ह्याच्या न्यायव्यवस्थेच्या शिरोभागी जिल्हा न्यायाधीश असतात. दिवाणी कामात जे जिल्हा न्यायाधीश, तेच फौजदारी कामात सत्र न्यायाधीश. त्यांच्या जोडीला अतिरिक्त न्यायाधीश आणि हाताखाली दिवाणी न्यायाधीश व मॅजिस्ट्रेट असतात. दाव्याच्या किमतीप्रमाणे, ज्याला तो चालविण्याचा अधिकार आहे अशा सर्वांत खालच्या न्यायालयात दावा लावावा लागतो. दिवाणी न्यायाधीशांच्या निकालावर अपील जिल्हा न्यायाधीशांकडे तीस दिवसांत करावयाचे, आणि जिल्हा न्यायाधीशांच्या निकालावर उच्च न्यायालयात नव्वद दिवसांत. मध्य प्रदेश उच्च न्यायालयाचे मुख्य पीठ जबलपूरला असले, तरी त्याची खंडपीठे इंदूर आणि ग्वाल्हेर येथे आहेत. त्यामुळे आपल्याला अपिलासाठी गाव सोडावे लागत नाही.

फौजदारी खटल्यात फिर्याद सरकार चालविते. ज्याचे घर फोडले गेले तो तेथे साक्षीदार असतो, आणि त्याची बाजू सरकारी वकील मांडतात. त्या बाजूचे जुने कायदे बदलून १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता आणि तिच्या जोडीचे दोन कायदे अमलात आले आहेत. आपल्या घराजमिनीचे तंटे मात्र अद्याप १९०८ च्या दिवाणी प्रक्रिया संहितेनेच चालतात.

या दिवाणी दाव्याची वाटचाल ठरलेली आहे. वादी कोर्ट फी भरून दावा दाखल करतो. प्रतिवादीस समन्स जाते. ते मिळाल्यापासून तीस दिवसांत उत्तर द्यावयाचे. न्यायालयाने कारण नमूद करून मुदत वाढविली, तर नव्वद दिवसांपर्यंत. महाराष्ट्रात ज्याला कैफियत म्हणतात, त्याला आपल्याकडे जवाबदावा म्हणतात. नंतर न्यायाधीश वादाचे मुद्दे काढतात. अमुक गोष्ट कोणी शाबीत करावयाची हे तेथे ठरते, म्हणून हा टप्पा फार महत्त्वाचा. मग साक्षीपुरावा. सरतपासणी हल्ली शपथपत्रावर होते, उलटतपासणी तोंडी. शेवटी युक्तिवाद, निकाल आणि हुकूमनामा. हुकूमनामा हाती आला म्हणजे सारे संपले असे नव्हे. समोरचा माणूस ऐकत नसेल, तर अंमलबजावणीसाठी पुन्हा अर्ज करावा लागतो. त्याची मुदत बारा वर्षांची आहे. वाटणीच्या दाव्यात तर हुकूमनामे दोन: पहिल्याने हिस्से ठरतात, दुसऱ्याने प्रत्यक्ष जागा हाती येते.

मग इतका उशीर का लागतो? न्यायाधीश कमी आणि कामे फार, हे खरेच. पण आपलाही वाटा थोडा नाही. पक्षकार मरण पावतो आणि त्याचे वारस वेळेत दाखल होत नाहीत. बहिणीला पक्षकार करावयाचे राहते. ९ सप्टेंबर २००५ पासून मुलगी वडिलार्जित मिळकतीत मुलाच्या बरोबरीने सहदायाद आहे, आणि २०२० साली सर्वोच्च न्यायालयाने तो हक्क जन्मानेच मिळतो हे स्पष्ट केले. तरी "तिचे लग्नात झाले" असे म्हणून तिला वगळणारी घरे मी पाहिली आहेत. मग निम्म्यावर आलेला दावा पुन्हा मागे जातो. शिवाय पेशी वाढवून मागणारे आपणच. सुनावणी सुरू झाल्यावर एका पक्षास तीनपेक्षा अधिक तहकुबी देऊ नयेत असे संहितेत लिहिले आहे. तीन कोठे आणि तीस कोठे! लग्नसराई आली, साक्षीदार गावी गेला, वकील दुसऱ्या कोर्टात अडकले. त्या शेवटच्या कारणात मीही अनेकदा होतो, हे येथे कबूल करतो.

आता वहिनींची गोष्ट पुरी करतो. ज्या दिवशी माणसे ताबा घ्यावयास आली, त्याच संध्याकाळी त्या माझ्याकडे आल्या. एकतर्फा हुकूमनामा रद्द करण्याचा अर्ज आम्ही लगोलग दिला. उशीर माफ व्हावा म्हणूनही अर्ज जोडला. यजमानांच्या मृत्यूचा दाखला आणि भाच्याचे शपथपत्र हाच आधार होता. भाचा साक्षीला उभा राहिला आणि "चूक माझी" असे त्याने स्पष्ट सांगितले. न्यायालयाने खर्च भरण्याच्या अटीवर हुकूमनामा रद्द केला आणि दावा पुन्हा पहिल्यापासून सुरू झाला.

पण पुरावा कोठे होता? वहिनी म्हणाल्या, "सासऱ्यांचा काही कागद ट्रंकेत आहे, पण तो कोणालाच वाचता येत नाही." तो मोडीत होता. १९३८ साली, म्हणजे होळकरशाहीच्या काळात, आधी झालेल्या वाटणीची आजोबांनी करून ठेवलेली यादी होती ती. मागच्या दोन खोल्या आणि जिना कोणाकडे, हे तीत स्पष्ट लिहिले होते. खाली आजोबांची आणि दोन्ही मुलांची सही होती. तीस वर्षांहून जुना कागद योग्य ठिकाणाहून पुढे आला, तर त्यावरील सही व अक्षर खरे आहे असे न्यायालयास गृहीत धरता येते. परंतु आपल्या न्यायालयाचे काम हिंदीत चालते. मोडी जाणणारे एक गृहस्थ शोधून काढण्यात चार महिने गेले. त्यांनी बाळबोधीत उतारा केला आणि त्याचा हिंदी अनुवाद दाखल झाला.

तो उतारा थोरल्या घरच्या म्हाताऱ्या दादांना वाचून दाखविला, तेव्हा ते बराच वेळ बोलले नाहीत. मग एवढेच म्हणाले, "सही वडिलांचीच आहे. हा कागद आम्ही कधी पाहिला नव्हता." तंटा मध्यस्थीकडे गेला आणि तीन बैठकांत मिटला. मध्यस्थीने मिटल्यास कोर्ट फी परत मिळते, तशी ती मिळाली. मागच्या खोल्या आणि जिना वहिनींकडे राहिला. परंतु त्या साऱ्यात सात वर्षे गेली. सात वर्षे एका वाड्यात दोन गणपती वेगळे बसले आणि आरतीच्या वेळी मधले दार बंद राहिले. ती वर्षे परत देण्याचा हुकूमनामा कोणत्याही न्यायालयाजवळ नाही.

म्हणून चार गोष्टी ध्यानात ठेवाव्या. समन्स आले तर घ्यावे, तारीख पाहावी आणि त्याच आठवड्यात वकील गाठावा. वकील परवडत नसेल, तर न्यायालयाच्या आवारातील जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे जावे. १९८७ च्या कायद्याप्रमाणे स्त्रियांना तेथे उत्पन्नाची अट नाही. आपल्या दाव्याचा सोळा अक्षर-अंकांचा सीएनआर क्रमांक टिपून ठेवावा, म्हणजे पुढची पेशी घरबसल्या मोबाइलवर पाहता येते. आणि समेट होण्यासारखा असेल, तर तो पहिल्या वर्षीच करावा. सातव्या वर्षी तोच समेट होतो, फक्त महाग पडतो.

शेवटी संस्थेस एक विनंती. आपल्या संस्थेची मिळकतही कागदांवरच उभी आहे. १९५१ च्या सार्वजनिक न्यास कायद्याप्रमाणे निबंधकांच्या पूर्वपरवानगीवाचून ती विकता येत नाही. मग तिची कागदपत्रे कोठे आहेत हे तरी प्रत्येक विश्वस्तास ठाऊक असावे. आणि महिन्यातून एक रविवार या सभागृहात कागदांसाठी ठेवावा. ज्यांच्या घरी मोडी कागद असतील त्यांनी ते आणावेत. जाणत्यांनी वाचावेत, तरुणांनी त्यांची छायाचित्रे घेऊन यादी करावी. मोडी वाचणारे आता हाताच्या बोटांवर मोजण्याइतके उरले आहेत, आणि ते आपली वाट पाहात थांबणार नाहीत. पहिल्या रविवारी मी माझी स्वतःची ट्रंक घेऊन येईन. तीतही न वाचलेले कागद आहेत, हे सांगताना वकील असून लाज वाटते.