सानियाची वाट

सानिया मिर्झाचा जन्म मुंबईचा. वाढली मात्र हैदराबादेत. फेब्रुवारी २००५ मध्ये तिथेच तिने डब्ल्यूटीए स्पर्धेत एकेरीचं विजेतेपद मिळवलं. असं यश मिळवणारी ती पहिली भारतीय स्त्री. त्याच वर्षी तिच्या आखूड कपड्यांवरून वाद उठला. आमच्या मोहल्ल्यातल्या टपरीवर तिच्या फोरहँडपेक्षा स्कर्टचीच चर्चा जास्त. मी स्वतःला कवी म्हणवणारा. पण चहा संपवून गुपचूप घरी आलो.

ती मात्र खेळत राहिली. २००७ मध्ये एकेरीत जगात सत्ताविसावी झाली. पुढे मनगट दुखावलं, शस्त्रक्रिया झाली. अखेर २०१३ साली तिने एकेरी सोडली आणि सगळा जोर दुहेरीवर लावला. वाटलं, आता उतार लागला. पण एप्रिल २०१५ मध्ये ती दुहेरीत जगात पहिली आली. जुलैत मार्टिना हिंगिसबरोबर विम्बल्डन जिंकली. २०२३ मध्ये निवृत्त झाली, तेव्हा दुहेरी आणि मिश्र दुहेरी मिळून सहा ग्रँड स्लॅम किताब तिच्या नावावर होते.

परवा माझ्या नातीने रॅकेट मागितली. टपरी अजून तिथेच आहे. या वेळी कुणी काही बोललं, तर मी चहा अर्धा ठेवून उत्तर देणार आहे.