जड कॅमेऱ्याचा टेकू

वसई-विरारकडची केळीची वाडी ज्यांनी पाहिली आहे, त्यांना एक गोष्ट नवी नाही. घड भरत आला की बागायतदार त्या झाडाला टेकू देतो. टेकू निवडताना तो घड काही तराजूत घालत नाही. घड एका बाजूला लोंबतो आहे, आणि समुद्रावरून वारा येणार आहे, या दोन गोष्टी त्याच्या मनात पक्क्या असतात. म्हणून जेमतेम पुरेल असा टेकू तो कधीच लावत नाही.

आज मला बोलायचे आहे ते जड कॅमेऱ्याच्या टेकूविषयी. कॅमेरा ज्यावर ठेवतात ती तीन पायांची तिवई आपण सर्वांनी पाहिली आहे. तिच्या पायांकडे सगळ्यांचे लक्ष जाते. परंतु पायांच्या वर, कॅमेऱ्याच्या खाली, जो वळणारा भाग असतो त्याला दुकानात ‘हेड’ म्हणतात. आपण त्याला माथा म्हणू. खरा भार तोलतो तो हा माथा.

हे ज्ञान मला फुकट मिळालेले नाही, बरं का! काही वर्षांपूर्वी हिवाळ्यात भुईगावच्या किनाऱ्यावर मी कुरव पक्ष्यांची छायाचित्रे घ्यायला गेलो होतो. पक्ष्यांसाठी लागणारी लांब लेन्स माझ्याजवळ नव्हती. एका शिक्षकमित्राने भविष्यनिर्वाह निधीतून पैसे काढून घेतलेली लेन्स मला दोन दिवसांसाठी दिली. लेन्स ३ किलोची, कॅमेरा दीड किलोचा; एकूण साडेचार किलो. माझ्या माथ्याच्या खोक्यावर ८ किलोचा आकडा छापलेला होता. मी निर्धास्त होतो. लेन्स थोडी खाली झुकवली, खटका आवळला आणि घड्याळ पाहायला हात काढला. माथा सुटला, लेन्सचे नाक खाली गेले, मागचा पाय उचलला गेला आणि सगळा डोलारा वाळूत आडवा झाला!

आता ८ किलोचा माथा साडेचार किलोला का हरला? याचे उत्तर शाळेतल्या तरफेच्या धड्यात आहे. शिक्षक बंधुभगिनींनी हा हिशेब मुलांना फळ्यावर करून दाखवावा. साडेचार किलोचे ओझे आधाराच्या बिंदूपासून १० सेंटिमीटर पुढे लोंबत असेल, तर साडेचार गुणिले दहा, म्हणजे ४५ इतका पीळ माथ्यावर पडतो. तेच ओझे मागे सरकवून २ सेंटिमीटरवर आणले तर पीळ होतो ९. वजन तेच, ताण मात्र पाचपट कमी! कावड वाहणारा माणूस खांदा बरोबर मध्यावर घेतो, तो याच कारणासाठी. शिवाय खोक्यावरचा आकडा सगळे कारखानदार एकाच रीतीने काढत नाहीत. सरळ उभे ठेवलेले वजन पेलणे वेगळे आणि पुढे झुकलेली लेन्स धरून ठेवणे वेगळे.

म्हणून पहिला नियम असा. आपले सर्वांत जड सामान, म्हणजे कॅमेरा, लेन्स आणि खालची पट्टी, घरच्या काट्यावर एकत्र तोला. त्याच्या दुप्पट ते तिप्पट भार पेलणारा माथा घ्या. साडेचार किलोला ९ ते साडेतेरा किलोचा माथा. त्याखालचे पायही तितकेच समर्थ हवेत. नाहीतर जाड टेकू चिखलात रोवल्यासारखे होईल.

दुसरा नियम: कामाप्रमाणे माथा निवडा. माथ्याचे मुख्य प्रकार चार.

पहिला, तीन मुठींचा. एक मूठ आडवे फिरवायला, दोन मुठी पुढेमागे आणि बाजूला कलवायला. काम सावकाश होते, पण नेमके होते. १७३९ साली चिमाजी अप्पांनी घेतलेल्या वसईच्या किल्ल्याचे तट किंवा आतल्या चर्चच्या भिंती टिपायला हा उत्तम. भिंत कुठे पळून जात नाही!

दुसरा, गोळ्याचा, म्हणजे बॉल हेड. आत एक गोळा असतो, एकच खटका सैल केला की कॅमेरा हवा तसा वळतो. हा सुटसुटीत खरा, पण जड लेन्ससाठी घ्यायचा तर मोठ्या गोळ्याचाच घ्या. यात सगळे ओझे गोळ्याच्या वर असते. ते १२ सेंटिमीटर उंचीवर असेल आणि तुम्ही ३० अंश कलवलेत, तर ओझे ६ सेंटिमीटर बाहेर जाते. माझी फजिती झाली ती इथेच.

तिसरा, जिंबल. यात लेन्स झोपाळ्यासारखी टांगलेली असते. ओसरीवरचा झोपाळा ढकलला तरी पुन्हा आपल्या जागी येतो. नीट तोललेली लेन्स मात्र जिथे सोडाल तिथे थांबते. खटका सैल असला तरी ती डोके टाकत नाही. उडत्या पक्ष्यांसाठी आणि लांब लेन्ससाठी यासारखा माथा नाही.

चौथा, फ्लुइड हेड, चलचित्रणासाठी. याच्या आत घट्ट तेलकट द्रव असतो, त्यामुळे कॅमेरा झटका न देता संथ वळतो. दादासाहेब फाळके यांचा ‘राजा हरिश्चंद्र’ १९१३ साली प्रदर्शित झाला. त्या काळी कॅमेरा हाताने मूठ फिरवून चालवत. मूठ फिरवताना तिवई डगमगली की पडद्यावर चित्र नाचायचे. शाळेच्या स्नेहसंमेलनाचे चित्रण करणाऱ्यांनाही भक्कम बैठकीची तितकीच गरज आहे.

तिसरा नियम, आणि हा कृपा करून विसरू नका: दुकानात स्वतःचा कॅमेरा आणि लेन्स घेऊन जा. लांब लेन्सला खाली स्वतःचा पाय असतो. माथ्यावर तो पायच बसवा, कॅमेऱ्याचे बूड नव्हे. पुढेमागे सरकवून तोल साधा. मग लेन्स खाली झुकवून खटका आवळा, आणि हात अगदी जवळ ठेवून हळूच सैल सोडा. कॅमेऱ्यातून पाहा. समोरची खूण जागची सरकली, तर तो माथा तुमच्या कामाचा नाही. मग लेन्सला बोटाने टिचकी मारा आणि चित्र स्थिर व्हायला किती वेळ लागतो ते मोजा. माथा आणि पाय जोडणारा स्क्रूही पाहून घ्या. कॅमेऱ्याच्या बुडाला पाव इंचाचा स्क्रू चालतो. जड माथ्याखाली मात्र तीन अष्टमांश इंचाचा हवा.

किनाऱ्यावर काम करणाऱ्यांना आणखी दोन शब्द. तिवईचा मधला दांडा उंच करू नका. त्याने सगळी बैठक डळमळते. घरी आल्यावर खारा ओलावा आणि वाळू गोड्या पाण्याच्या ओल्या फडक्याने पुसा, लगेच कोरडे करा. आणि गोळ्याला तेल कधीही लावू नका. तेलाने गोळा घसरतो.

माझ्या मित्राच्या लेन्सचे पुढे काय झाले, हे तुम्ही विचारालच. काच वाचली, कडे चेपले. दुरुस्तीचे पैसे मी भरले. तो मला एका शब्दानेही बोलला नाही. बोलला असता तर बरे वाटले असते. त्याच हिवाळ्यात आम्ही दोघांनी मिळून एक चांगला माथा घेतला. त्याची किंमत त्या वेळी फार वाटली. पण त्या लेन्सच्या किमतीपुढे ती किती लहान होती, हा हिशेब आम्ही उशिरा केला. तुम्ही तो आधी करावा, एवढेच सांगायचे होते.